वारस नोंदीच्या अर्जावर फक्त ‘त्रुटी’ एवढेच दिसते; निर्णयाचे कारण कोणाला आणि कसे विचारावे?

शेतकरी, शिंदखेडा तालुका

सर्वांना नमस्कार. गेल्या वर्षी माझे वडील वारले. आई, आम्ही दोघे भाऊ आणि बहीण अशा चौघांची नावे सातबाऱ्यावर लागावीत म्हणून मी महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून वारस नोंदीचा अर्ज केला. अर्ज भरायला अर्धा तासही लागला नाही. पुढचे चार महिने मात्र त्या अर्जाचे नेमके काय चालले आहे हे समजून घेण्यात गेले आणि अजूनही ते मला समजलेले नाही.

ऑनलाइन कारभाराबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी वडील सकाळच्या एसटीने तालुक्याला जात, आणि तलाठी आप्पा दुसऱ्या सजात गेलेले असले तर संध्याकाळी रिकाम्या हाताने परत येत. हे मी लहानपणापासून पाहिले आहे. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. तो पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो आणि पीक कर्जासाठी बँकेत चालतो. ही सोय आमच्यासारख्यांसाठी लहान नाही.

माझ्या अर्जावर आधी ‘प्रलंबित’ असे दिसत होते. नंतर ‘त्रुटी’ असा शेरा येऊन तो परत आला. त्रुटी कोणती, ती कोणी काढली आणि दूर करायची तर काय जोडायचे, यांपैकी काहीही तेथे लिहिलेले नाही. कार्यालयात गेलो तर संगणकावर पाहा म्हणतात, आणि संगणकावर पाहिले तर कार्यालयाशी संपर्क साधा असे लिहिलेले असते. पूर्वी निदान अर्ज ज्याच्याकडे अडला आहे तो माणूस समोर बसलेला असे, त्याला विचारता येई. आता निर्णय घेणारा कोण आहे तेच दिसत नाही. सेवा ऑनलाइन झाल्यामुळे कारभार पारदर्शक झाला असे आपण म्हणतो, पण मला दिसते ती फक्त अर्जाची स्थिती. तिच्यामागचा निर्णय माझ्यापासून पूर्वीपेक्षाही दूर गेला आहे, असे मला वाटते.

खान्देशातील इतरांचा अनुभव काय आहे? आणि कारण लेखी मागण्याचा काही कायदेशीर मार्ग असेल तर कृपया सांगावा.

निवृत्त महसूल कर्मचारी, धुळे

दादा, आपला प्रश्न रास्त आहे. मी या खात्यात अनेक वर्षे काम केले, तेव्हा आधी कामाची रीत सांगतो आणि मग मार्ग सांगतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार अधिकार मिळाल्याची खबर आली की तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे) फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदल) नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि संबंधितांना नोटीस देतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. वारसांच्या बाबतीत ६ क ही वारस नोंदवही असते, आणि तिच्यातील चौकशीनंतरच फेरफार धरला जातो. संगणक आल्यामुळे हे टप्पे बदललेले नाहीत. चावडीवरच्या नोटिशीला जोड म्हणून आता ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही गावनिहाय फेरफाराची नोटीस पाहता येते, आणि पुण्यात किंवा सुरतेला कामाला गेलेल्या भावालाही आपल्या शेतावर कोणती नोंद धरली जात आहे हे तेथून कळू शकते. माझ्या मते भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि तिचा वापर सर्वांत कमी होतो.

संगणकाने आणखी एक गोष्ट केली. जुन्या फेरफार नोंदवहीत दोन नोंदींच्या मध्ये एखादी ओळ मोकळी सोडलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि त्या मोकळ्या ओळीत पुढे मागच्या तारखेची नोंद कशी बसवली गेली तेही पाहिले आहे. अशा एका ओळीने एखाद्या विधवेचा हिस्सा जाऊ शकत होता. आता प्रत्येक नोंदीला क्रमांक आणि वेळ आपोआप पडते, त्यामुळे मागची तारीख घालणे फार कठीण झाले आहे. म्हणून संगणक नको, जुनेच बरे होते, असे कोणी म्हटले तर मला ते मान्य होत नाही.

पण आपण म्हणता ती उणीव खरी आहे. अर्ज परत पाठवताना शेऱ्याच्या चौकटीत दोन शब्द टाकले तरी प्रणाली पुढे जाऊ देते, आणि कामाच्या रेट्यात बहुतेक जण दोनच शब्द टाकतात. कायदा मात्र दोन शब्दांवर समाधान मानत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ (१) काढून पाहावे. त्याच्या (क) मध्ये अभिलेख सूचिबद्ध करून ते संगणकात आणण्याचे कर्तव्य सांगितले आहे. (ख) मध्ये कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायच्या सतरा बाबी आहेत. आणि (घ) मध्ये, प्रशासकीय किंवा न्यायिकवत (न्यायालयासारखे अधिकार वापरून दिलेल्या) निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना कळवावीत, असे स्पष्ट कर्तव्य घातले आहे. म्हणजे दप्तर संगणकात आणणे आणि निर्णयाचे कारण सांगणे या दोन्ही गोष्टी एकाच कलमात शेजारी शेजारी आहेत. पहिलीसाठी निधी आला, यंत्रे आली, प्रशिक्षणे झाली. दुसरीसाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही, आणि तीच मागे राहिली.

आता मार्ग. पहिली गोष्ट, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. या कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते, आणि अर्ज फेटाळायचा असेल तर कारणे लेखी नोंदवून ती अर्जदाराला कळवावी लागतात. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे तेही त्यात सांगावे लागते. प्रथम अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे, त्यानंतर दुसरे अपील, आणि तिसरे राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. मात्र प्रत्येक काम अधिसूचित यादीत असतेच असे नाही. म्हणून कार्यालयाच्या फलकावर आपली सेवा, तिची मुदत, पदनिर्देशित (म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) अधिकारी आणि अपील अधिकारी ही माहिती आधी पाहावी. तो फलक लावणे कार्यालयावर बंधनकारक आहे. नसेल, तर त्याचीच लेखी विचारणा करावी.

दुसरी गोष्ट, दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज. ‘माझे काम का झाले नाही’ असा प्रश्न त्यात विचारू नये, कारण प्रश्नाला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, तो अभिलेखाची प्रत द्यायला बांधील आहे. अर्ज क्रमांक घालून असे लिहावे: ‘या अर्जावरील सर्व शेरे, टिपण्या, ते नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम व दिनांक यांची प्रत मिळावी.’ तीस दिवसांत उत्तर यायला हवे. माझ्या अनुभवात असा नेमका अर्ज आला की अनेकदा प्रत देण्याआधीच मूळ प्रकरण हलते.

सेवा केंद्र चालवणारी, चोपडा तालुका

मी आमच्या गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दादांनी अर्ज स्वतः भरला, म्हणून त्यांना निदान ‘त्रुटी’ हा शब्द तरी दिसला. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांना तोही दिसत नाही, आणि त्याचे कारण आम्हा केंद्रचालकांच्या सवयीत आहे. ते उघडपणे लिहिले पाहिजे असे मला वाटते.

अर्ज भरताना मोबाइल क्रमांक द्यावा लागतो आणि ओटीपी यावा लागतो. अनेक मावश्यांकडे फोन नसतो, किंवा असलेला फोन मुलाबरोबर कामावर गेलेला असतो. जून महिन्यात उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी विद्यार्थ्यांची रांग दारापर्यंत जाते, सर्व्हर मध्येच बंद पडतो, आणि अशा वेळी केंद्रचालक स्वतःचाच क्रमांक टाकून मोकळा होतो. मीही सुरुवातीला असे केले आहे. मग पुढचे सगळे संदेश माझ्या फोनवर येत राहिले: दाखला मंजूर झाला, कागद अपुरे आहेत, अर्ज परत आला. ज्या माणसाच्या नावाचा अर्ज, त्याला यातले काहीच कळत नव्हते. एका मुलीच्या जातीच्या प्रमाणपत्राच्या अर्जातली त्रुटी कळवणारा संदेश माझ्या फोनमध्ये अकरा दिवस न वाचता पडून होता, आणि तिची प्रवेशाची फेरी निघून गेली. त्या दिवसापासून मी नियम केला की ज्याचा अर्ज त्याच्याच घरातला क्रमांक, आणि फोन नसेल तर शेजारच्या विश्वासू माणसाचा, पण माझा कधीच नाही. पोचपावती छापून हातात दिल्याशिवाय मी कोणाला उठू देत नाही, आणि पावतीच्या मागे अर्ज क्रमांक मोठ्या अक्षरात पेनाने लिहून देते.

येथील सर्वांना माझी विनंती आहे की केंद्रातून उठण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: पोचपावती मिळाली का, तिच्यावर आपला मोबाइल क्रमांक आहे का, आणि घेतलेले पैसे केंद्रातील दरफलकाप्रमाणे आहेत का. निवृत्त भाऊसाहेबांनी सांगितलेल्या अपिलाच्या तीस दिवसांची मोजणी निर्णय कळल्यापासून होते. तो दुसऱ्याच्याच फोनवर कळत असेल, तर अपिलाचा हक्क कागदावर राहून हातातून निसटतो.

शिक्षिका, अक्कलकुवा तालुका

आमच्या जिल्ह्याचे नाव या विषयात देशाच्या नोंदीत आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे देशातील पहिल्या आधार क्रमांकाचे वाटप झाले. देशातील डिजिटल ओळखीची सुरुवात नंदुरबार जिल्ह्यात झाली. म्हणून ही व्यवस्था शेवटच्या पाड्यावरच्या माणसाला कशी लागू पडते, हे विचारण्याचा अधिकार आम्हाला जरा अधिक आहे असे मी मानते.

सातपुड्यातल्या आमच्या पाड्यांवर नेटवर्क टेकडीच्या एका बाजूला मिळते आणि दुसऱ्या बाजूला मिळत नाही. रेशनच्या ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटत नाही अशी वयस्क माणसे प्रत्येक पाड्यावर आहेत, कारण आयुष्यभर लाकूड, दगड आणि विळा हाताळलेल्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेल्या कुटुंबात घरी म्हातारी एकटी असते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीमागे दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य हा तिचा हक्क आहे. यंत्राने नाकारले की तिला वाटते सरकारनेच नाकारले, आणि ती मुकाट्याने परत फिरते. तिला पावती मिळत नाही, नकाराची नोंद तिच्या हाती येत नाही, मग तक्रार कशाच्या आधारावर करायची? आधारविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, पडताळणी जुळली नाही एवढ्यावरून पात्र माणसाचा लाभ तोडला जाऊ नये, ही भूमिका नोंदवली आहे. दुकानातल्या म्हातारीपर्यंत ती पोचवायची कोणी? आमच्या गावात आम्ही एक साधी वही ठेवली. अंगठा न जुळल्यामुळे कोण, कोणत्या तारखेला परत गेले ते तिच्यात लिहायचे, आणि महिन्याच्या शेवटी ती यादी तहसील कार्यालयात आवक शिक्का घेऊन द्यायची. तिसऱ्या महिन्यापासून त्या यादीतल्या बहुतेकांना धान्य मिळू लागले.

दुसरी बाजूही सांगते, कारण त्यातून मला खूप काही शिकायला मिळाले. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरून दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली. नेटवर्क नसल्यामुळे खऱ्या मजुरांचे दिवस बुडाल्याच्या घटना आमच्याकडे घडल्या. मात्र त्याच योजनेची हजेरीपत्रके संकेतस्थळावर कोणालाही उघडून पाहता येत होती: मजुराचे नाव, दिवस, रक्कम, सगळे काही. अक्कलकुवा आणि धडगाव हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. एका ग्रामसभेत आम्ही ती पत्रके छापून नेली आणि एका मुलीने ती भिलीत मोठ्याने वाचली. तिसऱ्या पानावर एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, हे माझे नाव आहे, पण त्या आठवड्यात मी बाळंतपणासाठी माहेरी होते. सभेत एकदम शांतता पसरली. तो कागद संकेतस्थळावर सात महिने सर्वांसाठी खुला होता. पण ज्या भाषेत आणि ज्या जागी तो तिच्यापर्यंत पोचणार होता, ती भाषा आणि ती जागा संकेतस्थळाकडे नव्हती.

म्हणून माहिती प्रसिद्ध झाली की पारदर्शकता आली, असे मला म्हणता येत नाही. कोणीतरी ती वाचून दाखवावी लागते, आणि ज्याच्याबद्दल ती आहे त्याला ‘हे खोटे आहे’ असे म्हणता येईल अशी जागा असावी लागते. ग्रामसभा ही तशी जागा आहे.

केळी उत्पादक, रावेर तालुका

ताईंशी मी सहमत आहे, पण एका गोष्टीची भर घालतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र नोंदवू लागला. त्याआधी गाव नमुना १२ मध्ये कधी कधी मागच्याच वर्षाचे पीक पुढे ओढले जाई, आणि उभ्या केळीच्या जागी कागदावर कापूस दिसे. आता माझ्या बागेची नोंद मी केली आहे, तिच्यावर ठिकाण आणि वेळ आहे. एकदा पीक कोणते होते यावरून वाद झाला, तेव्हा ते छायाचित्रच कामी आले. ज्या वर्षी नोंद करायची राहून गेली, त्या वर्षी मात्र माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता. म्हणून यंत्र नागरिकाच्याही हातात पुरावा देते, हे विसरू नये.

हवामान आधारित फळपीक विम्याबद्दल मात्र माझा आग्रह आहे. भरपाई मिळणार की नाही हे महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या तापमानाच्या नोंदींवर ठरते. मे महिन्यात आमच्याकडे केळीचे घड उन्हाने होरपळतात हे सर्वांना दिसते, पण केंद्राने त्या दिवशी किती अंश नोंदवले ते शेतकऱ्याला त्याच दिवशी, गावातल्या फलकावर दिसले पाहिजे. ज्या आकड्यावर माझा हक्क ठरतो तो आकडा मला शेवटी निकालाबरोबर कळून उपयोग नाही.

ग्रामपंचायतीच्या खर्चासाठीही हीच रीत लावता येते. एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पंचायतींचा विकास आराखडा आणि खर्च पाहता येतो. मी आमच्या गावाचा तक्ता छापून पाराजवळच्या भिंतीवर लावला. दोन दिवस कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गटारीच्या कामाबद्दल पहिला प्रश्न आला, आणि सरपंचांनी त्याच ठिकाणी उभे राहून बिले दाखवली. काम खरेच झालेले होते. तेही लोकांना कळले, आणि सरपंचांवरचा विनाकारण संशय गेला.

शेतकरी, शिंदखेडा तालुका (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सहा आठवडे लागले, कारण भाऊसाहेबांनी सांगितले तसे करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

कार्यालयात सेवांचा फलक होता, पण त्यावर अपील अधिकाऱ्याचे पदनाम नव्हते. त्याची लेखी विचारणा केली आणि तिच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. त्याच दिवशी दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्जही दिला, त्यात शेरे व टिपण्यांच्या प्रती आणि अधिकाऱ्याचे पदनाम एवढेच मागितले. तेविसाव्या दिवशी प्रत मिळाली. टिपणी दीड ओळीची आहे: मृत्यूच्या दाखल्यात वडिलांच्या नावात जे जोडाक्षर आहे ते सातबाऱ्यावर नाही, त्यामुळे दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आवश्यक. हे एक वाक्य पडद्यावर आले असते तर माझे चार महिने वाचले असते, आणि बहिणीला सासरहून दोनदा यावे लागले नसते. ज्या अधिकाऱ्यांनी ती टिपणी लिहिली त्यांनी काम चोख केले होते, त्यांच्याबद्दल मी मनात जो राग धरला होता तो चुकीचा होता. ते वाक्य त्यांच्या बाजूला लिहिलेले होते, माझ्या बाजूला दिसत नव्हते.

प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज पुन्हा दिला. नोंद धरली गेली आहे आणि परवा ‘आपली चावडी’वर आमच्या फेरफाराची नोटीस दिसली. आईला ती फोनवर वाचून दाखवली. तिने स्वतःचे नाव पुन्हा एकदा वाचायला लावले. हरकतीची मुदत संपायला अजून नऊ दिवस आहेत.

चोपड्याच्या ताईंना एक विचारायचे आहे. आमच्या गल्लीतील एका आजींचा अर्ज दुसऱ्याच कोणाच्या मोबाइल क्रमांकावर भरला गेला आहे. मध्येच तो क्रमांक बदलून घेता येतो का, की अर्ज नव्याने करावा लागतो? त्यांना घेऊन सोमवारी मी केंद्रावर जाणार आहे.